घोड्याच्या पायाला पट्टी कशी बांधायची अन् कधी सोडायची

घोड्याच्या गुडघ्याखाली हात फिरवून बघा, मांस लागतच नाही. पुढं नळीचं हाड, मागं दोन जाड शिरा म्हणजे टेंडन, हाड अन् या शिरांच्या मधी हाडाला चिकटून सस्पेन्सरी लिगामेंट म्हणजे सांध्याला आधार देणारा चिवट पट्टा अन् वरून कातडी, बस. एवढ्यावर तीन-साडेतीनशे किलोचं जनावर पळतं, नाचतं, वरातीत डांबरी रोडवर तासन् तास उभं राहतं. तिथं रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम झाली की भरायला वेळ लागतो. अन् रक्त-पाणी वर ढकलायला मांसाचा जोर नसल्यामुळं ते काम चालण्यावरच भागतं, टाप जमिनीवर दाबली जाते, उचलली जाते, तसं खालचं वर जातं. आता घोडं लंगडलं म्हणून आपण ठाणावर बांधून ठेवलं की चालणं बंद, अन् पाणी खाली उतरून पाय सुजायला लागतो. दुखणं एक अन् त्यावर ही दुसरी सूज.

पट्टीचं काम इथं आहे. बाहेरून चहूबाजूनं सारखा, हलका दाब देऊन पाणी साठू द्यायचं नाही, जखम असेल तर माती-शेणापासून झाकून ठेवायची, पायाला ऊब अन् आराम द्यायचा. पट्टीनं फाटलेली शीर जुळत नाही. पट्टी बांधली म्हणून शिरेवरचा भारही कमी होत नाही, घोडं उभं आहे तोवर वजन तेवढंच पडणार. हे आधी डोक्यात पक्कं केलं की पट्टी बांधली, आता लावा कामाला असं कुणी करणार नाही.

आपल्या भागात मला सगळ्यात जास्त दिसतं ते असं की मेडिकलवरून क्रेप बँडेज आणायचं, नुसत्या कातडीवर करकचून आवळायचं अन् वरून सुतळीची गाठ मारायची. याच्यापेक्षा काहीच न बांधलेलं बरं, खरं सांगतो. दाब एका जागी बसला की तिथलं रक्त तुटतं, कातडी मरते, अन् शीर आधी चांगली असली तरी तिथंच सुजून बसते. बँडेज बो म्हणतात ते दुखणं पट्टीनंच होतं, दुसऱ्या कशानं नाही. माळेगावच्या यात्रेत घोडं बघताना नळीवर हात फिरवता तेव्हा काळ्या नाहीतर तांबड्या पायावर मधीच पांढऱ्या केसांची आडवी रेघ दिसली तर थांबा, तिथं कधीतरी पट्टी, दोरी नाहीतर तापलेल्या लोखंडाचा डाग बसलेला असू शकतो, कारण दाबानं नाहीतर भाजून कातडी खराब झाली की त्या जागेवर केस पांढरे येतात. जन्मापासूनचा पांढरा पाय वेगळा, तो खालून सलग असतो.

पट्टी हातात घ्यायच्या आधी पाय नीट बघा. दोन्ही मागचे पाय सारखे सुजलेत, हाताला गार लागतात, बोट दाबलं की खड्डा पडतो अन् थोडं फिरवलं की सूज उतरते, तर ती ठाणावर उभं राहून आलेली सूज, तिथं पट्टी छान काम करते. एकच पाय, गरम, दाबलं की घोडं पाय ओढतं, तर मार लागलाय नाहीतर शीर ताणली गेलीय, डॉक्टरला दाखवा अन् तोवर गार शेक. एकच पाय वरपर्यंत फुगलाय अन् ताप आहे तर आत इन्फेक्शन असू शकतं, तिथं पट्टीनं भागत नाही, औषध लागतं. घोड्याचा नॉर्मल ताप गुदद्वारात थर्मामीटर लावून साधारण ३७.५ ते ३८.५ डिग्री सेल्सियस असतो, आपल्या फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर ९९.५ ते १०१.३. साधं थर्मामीटर नसलेले लोक लाखाचं घोडं सांभाळायलेत, ते घ्या आधी. अन् घोडं पाय टेकवतच नसेल तर हाड मोडलेलं असेल नाहीतर टापेत पू झाला असेल, त्याला चालवू नका, गाडीत घालायची घाई करू नका, डॉक्टरला जागेवर बोलवा. १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, सरकारी फिरता दवाखाना त्यावर मिळतो. मोठं काम असेल तर आपल्याकडं परभणी अन् उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहेत.

एक गोष्ट अजून, अन् ही घाबरवायला नाही तर खरंच सांगतोय. पायावर, जास्त करून मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, एका ओळीत गाठी उठल्यात, त्या फुटून चिकट पू यायलाय, घोडं खंगलंय, नाकातून शेंबूड येतोय, तर ग्लँडर्सचा संशय घ्यायचा. हा रोग माणसाला होतो अन् माणूस दगावतो. अशा पायाला उघड्या हातानं पट्टी बांधत बसू नका, घोडं वेगळं बांधा, त्याचं पाणी-खुराक वेगळा करा अन् लगेच पशुसंवर्धनवाल्यांना कळवा, कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

आता सामान. दोन थर लागतात हे लक्षात ठेवा, आतला मऊ जाड थर अन् वरची लांब पट्टी. दाब पट्टी देते पण तो सगळीकडं सारखा पसरवायचं काम आतला थर करतो, म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर पट्टीत वाचवा, आतल्या थरात नको. आत मेडिकलमधला ५०० ग्रॅमचा कापसाचा रोल चालतो, दाबून निदान एक इंच जाडी राहिली पाहिजे. रोज बदलायचं असेल तर कापूस महाग पडतो, तेव्हा घरच्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या आत घालून गोधडीसारखं शिवून घ्या, पुढच्या पायाला १२ ते १४ इंच उंच, मागच्या पायाला १४ ते १६, कारण मागची नळी लांब असते, अन् लांबी एवढी की पायाभोवती दोनेक वेढे बसावेत. शिवण सपाट पाहिजे, जाड गाठ नको, अन् दोन-तीन जोड करा म्हणजे एक धुवून वाळत असला की दुसरा बांधता येतो. वरची पट्टी ४ ते ५ इंच रुंद अन् तीन-साडेतीन मीटर लांब. फ्लॅनेल चांगलं, होजिअरीचं कापड चालतं. क्रेप वापरायचं असेल तर सहा इंची घ्या, पण ते ताणलेलं असलं की आतल्या आत आवळत राहतं, म्हणून त्याच्याखाली कापूस नेहमीपेक्षा जास्त लावा अन् रोल उलगडताना ताणूच नका. बंद करायला वेल्क्रो नाहीतर कागदी चिकटपट्टी. सुतळी, नाडी, इलेक्ट्रिकची टेप, सायकल ट्यूबची रिंग यातलं काहीही नको.

घोडं सपाट जागेवर उभं करा, चारी पायांवर वजन पाहिजे. एका जाणत्या माणसानं मोरकी धरायची, घोडं खुंट्याला बांधून पट्टी करू नका, दचकलं तर ते ओढत सुटतं अन् तुम्ही खाली. तुम्ही उकिडवं बसा, गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नका, उठून बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. मागच्या पायाला काम असेल तर आधी पाठीवर हात ठेवा, तिथून पुठ्ठ्यावर, मग खाली, घोड्याला कळू द्या तुम्ही कुठं आहात ते. पाय खराऱ्यानं साफ, धुतला असेल तर पूर्ण कोरडा. ओल्या पायावर पट्टी बांधली की कातडी भिजून फुटते. कडब्याचं एक बारीक कूस जरी कापसाखाली राहिलं तरी रात्रभरात तिथं जखम करतं, त्यामुळं हात फिरवून बघा, नुसतं डोळ्यानं नाही.

आतला थर लावायला सुरुवात करा ती पायाच्या आतल्या बाजूनं, हाड अन् शीर यांच्यामधी जी खोबण लागते तिथून. कापडाची कड कधीच मागच्या शिरेवर किंवा पुढच्या हाडावर येऊ देऊ नका. गुडघ्याच्या जरा खालून सुरू होऊन फेटलॉक म्हणजे टापेच्या वरचा गोल सांधा झाकला जाईल इथपर्यंत हा थर यायला पाहिजे. चुणी पडली की परत सोडा अन् परत लावा, कंटाळा करू नका, ती चुणीच उद्या फोड होते.

दिशा हा लोकांचा नेहमीचा गोंधळ आहे. पट्टी पुढून बाहेरच्या बाजूनं मागं जाते अन् शिरेवरून आतल्या बाजूला येते. वरून बघितलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या उलटी अन् उजव्या पायाला घड्याळासारखी. आतला थर अन् वरची पट्टी दोन्ही एकाच दिशेनं. पट्टीचं टोक नळीच्या मध्यावर आतल्या थराच्या कडेखाली खोचा, एक वेढा जागेवर घट्ट बसवा, मग खाली उतरत जा, प्रत्येक वेढ्यानं आधीचा वेढा निम्मा झाकला पाहिजे. फेटलॉकच्या खालून एक वेढा घ्या म्हणजे सांध्याला झोळीसारखा आधार बसतो, पुढून बघितलं की तिथं उलट्या व्हीसारखा आकार दिसला पाहिजे. तिथून तसंच वर या, गुडघ्याच्या खालपर्यंत, अन् शेवट बाहेरच्या बाजूला करा. वर अन् खाली आतला मऊ थर अर्धा इंच बाहेर दिसत राहिला पाहिजे, पट्टीची कड कातडीला लागता कामा नये.

ओढ किती द्यायची हे लिहून सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करतो. ओढ द्यायची ती पट्टी पुढच्या हाडावरून जाताना, कारण हाड दाब सोसतं. शिरेवरून जाताना हात मोकळा, पट्टी नुसती चोपून बसवायची. पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत ओढ सारखी पाहिजे, एक सैल एक घट्ट असं झालं की घट्ट वेढा दोरीचं काम करतो. झाल्यावर वरच्या अन् खालच्या कडेत बोट घाला, एक बोट थोडं जोर लावून आत गेलं तर बरोबर. बोट जातच नाही तर सोडा. तीन बोटं खळाखळा जातात तर रात्रीतून घसरून फेटलॉकवर गोळा होईल अन् तो गोळा घट्ट पट्टीएवढाच वाईट. चिकटपट्टी तिरपी गुंडाळा, गोल रिंग पूर्ण करू नका, अन् ती खालच्या पट्टीपेक्षा कधीच घट्ट नको.

दुखऱ्या पायाला बांधली तर जोडीच्या चांगल्या पायालाही बांधा. घोडं दुखरा पाय हलका ठेवतं अन् सगळा भार जोडीच्या पायावर टाकतं, तोही सुजतो. नुसतं बांधून विसरू नका, त्या चांगल्या पायाच्या टापेवर रोज सकाळ-संध्याकाळ हात ठेवून बघा. टाप गरम लागली, घोडं वजन सारखं बदलायलंय, मागं रेलून उभं राहायलंय, तर टापेच्या आतला भाग सुजायला लागलाय, लॅमिनायटिस, अन् हा आजार घोड्याच्या जिवावर उठू शकतो. खाली मऊ अंथरूण द्या, वाळू नाहीतर लाकडाचा भुसा, फरशीवर उभं करू नका.

सोडायचं बारा तासांनी. संध्याकाळी बांधली की सकाळी सोडायची, हे पाळता येत नसेल तर पट्टी बांधू नका असं मी सरळ सांगतो. जखमेवर डॉक्टरनं स्वतः बांधलेली पट्टी वेगळी, तिचा वेळ डॉक्टर ठरवतील. सोडताना परत गुंडाळत बसायचं नाही, एका हातातून दुसऱ्या हातात घेत पटपट काढा, गुंडाळणं नंतर. मग खालून वर तळहातानं पाय चोळा अन् नीट बघा, केस उलटे बसलेत का, कुठं वळ उठलाय का, कुठली जागा बाकीपेक्षा गरम लागते का, दाबल्यावर दुखतं का. असं काही दिसलं तर तिथं पुन्हा लगेच बांधू नका. अन् मधेच घोडं पट्टी चावायलंय, पाय आपटायलंय, पट्टीच्या वर सूज आलीय, खुराक सोडलाय, तर बारा तासांची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी उठून सोडा. पावसात नाहीतर मुतानं पट्टी भिजली तरी तेच, सुती कापड भिजलं की आकसतं अन् पाय आवळतो.

ताज्या दुखापतीला पहिले ४८ तास गारच, गरम काहीही नाही. एका वेळेला २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आपल्याकडं एप्रिल-मेमधे टाकीला जोडलेल्या पाइपचं पाणी दुपारी चटका देतं, त्यानं पाय धुवून काही होत नाही. बर्फाची लादी आणा, गोणपाटात घालून फोडा, बारीक बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पायावर एक ओलं सुती फडकं अन् त्यावर पिशवी, वरून सैल पट्टी. बर्फ उघडा कातडीला लावू नका. शांत घोडं असेल तर उंच बादलीत पाणी-बर्फ घालून पाय त्यात उभा केला तरी चालतं. २० मिनिटं झाली की काढा, पाय पुसून पूर्ण वाळवा, अन् मगच कोरडी पट्टी.

उन्हाळ्याचं अजून एक. पारा बेचाळीसवर असताना जाड पट्टी दिवसभर ठेवली की आत घामोळं येतं, कातडी नरम पडते. जखम नसेल तर त्या दिवसात रात्रीच बांधा, दिवसा लिंबाखाली सावलीत पाय मोकळा. अन् ठाणावरची ही पट्टी घालून घोडं पळवायचं नाही, नाचवायचं तर नाहीच. पूर्ण दौडीत शिरेच्या आतली उष्णता ४५ डिग्रीपर्यंत जाते, वरून जाड पट्टी असली तर ती बाहेर पडायला जागाच राहत नाही. वरातीत पायात घुंगरांचे चामडी पट्टे बांधतात त्यांचंही हेच, वरात संपली की तिथंच काढा, घरी जाऊन बघू म्हणू नका, अन् त्यांच्याखाली कातडी बघा.

जखम असेल तर गोष्ट बदलते. गुडघ्याखालच्या जखमेत घोड्याला मांस वर वाढायची खोड असते, गुलाबी फ्लॉवरसारखं मांस कातडीच्या वर येतं अन् मग जखम बंदच होत नाही. ती जखम मिठाच्या पाण्यानं धुवा, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साधारण ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड चमचा. हळद, चुना, राख, डिझेल, बॅटरीचं पाणी हे काहीही टाकू नका, यानं जखम चिघळते अन् मांस अजून जोरात वाढू शकतं. जखमेला न चिकटणारी जाळी, त्यावर कापूस, त्यावर पट्टी. अन् धनुर्वाताचं इंजेक्शन, हे विसरायचंच नाही, घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं जनावर नाही, साध्या खिळ्याच्या जखमेनं घोडं जातं.

बिब्बा अन् डाग याबद्दल मला राहवत नाही. शीर सुजली की बिब्बा घालायचा, नाहीतर तापलेल्या लोखंडानं आडवे डाग द्यायचे, हे गावोगाव अजून चालू आहे, सांगणारी माणसं वयानं मोठी असतात, अण्णा, काका, त्यांना नाही म्हणणं जड जातं. पण बिब्ब्यानं कातडी जळते, फोड येतात, अन् त्यावर पट्टी बांधली तर सगळी कातडी निघून येते. डाग दिल्यावर घोडं बरं झाल्यासारखं वाटतं ते डागानं नाही, त्याच्यानंतर दोन महिने कामाला लावत नाही त्या विश्रांतीनं. मग नुसती विश्रांतीच द्या ना. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) अन् ग्लिसरीनचा लेप मात्र बंद सुजेवर चांगला, पातळ थर, वरून कागद, मग नेहमीची पट्टी, पण कातडी कुठं फुटलेली असेल तर तो नको. कोणताही बाम नाहीतर मलम चोळून लगेच प्लास्टिक अन् पट्टी गुंडाळू नका, आत गरमी कोंडून पाय भाजतो.

बाजारात अन् ऑनलाइन पायाला गुंडाळायचे तयार रॅप मिळतात. जेलचे गार रॅप कामाचे आहेत, फ्रीजमधे ठेवायचे अन् बर्फासारखेच २० मिनिटं लावायचे. सिरॅमिक धाग्याचे रॅप अंगाचीच उष्णता परत देतात असं सांगतात, म्हातारं ताठरलेलं घोडं असेल अन् डिसेंबर-जानेवारीची थंडी असेल तर एक वेळ ठीक, सुरुवातीला दोन-तीन तासच घाला, पण ताज्या सुजेवर अन् उन्हाळ्यात नाही. चुंबकाच्या रॅपवर मी पैसे घालणार नाही, त्याला पक्का आधार नाही. त्याच पैशात आतले मऊ थर जास्तीचे शिवून घ्या अन् एक चांगला नालबंद बोलवा, वाढलेल्या टापेनं शिरेवर जेवढा ताण येतो तेवढा कुठलाच रॅप कमी करू शकत नाही.

दुखणं कमी करायचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं देऊ नका. दुखणं थांबलं की घोडं पाय सरळ टेकवतं, मालकाला वाटतं बरं झालं, फिरवायला काढतो अन् अर्धी फाटलेली शीर पूर्ण जाते. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते दिलेलं जनावर मेलं अन् गिधाडानं खाल्लं की गिधाड मरतं, तरीही कुणी माणसाच्या मेडिकलमधून आणून देत असेल तर घेऊ नका.

शीर ताणली असेल तर सहा महिने ते वर्ष धरून चाला. पहिल्या दिवसापासून खुराक कमी करा, हरभरा अन् मक्का जवळपास बंद, कडबा अन् कोरडं गवत भरपूर, पाणी सारखं पुढं. उभ्या घोड्याला कामाच्या घोड्याचा खुराक दिला की पोटशूळ नाहीतर लॅमिनायटिस येतो. डॉक्टरनं परवानगी दिली की हातात मोरकी धरून सपाट जमिनीवर पाच-दहा मिनिटं चालवा, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत, रस्ता नको, काळ्या रानातली ढेकळंही नकोत. सोनोग्राफी करता आली तर शीर किती भरलीय ते दिसतं, नाहीतर हाताचाच अंदाज, दोन्ही पायांच्या शिरा एकाच वेळी दोन हातांत धरून जाडी अन् गरमी ताडून बघायची, रोज, एकाच वेळेला, कामाच्या आधी.

पट्टी बंद करताना एकदम बंद करू नका. आधी काही दिवस फक्त रात्री, मग एक रात्र आड. मोकळ्या रात्रीनंतर सकाळी थोडी सूज दिसली अन् दहा मिनिटं चालवल्यावर उतरली तर चिंता नाही, तसंच पुढं जा. उतरलीच नाही, नाहीतर गरम लागली, तर दोन पावलं मागं या, चालवणं कमी करा, पट्टी परत रोज रात्री सुरू करा अन् डॉक्टरला फोन लावा.